पत्रकावर साल नव्हतं

माझ्या पीएच.डी.चा विषय कागद आहे. कागदावर काय लिहिलंय ते माझ्या विषयात येत नाही. स्वस्त कागद पिवळा का पडतो, त्यातली आम्लता किती वेगाने वाढते आणि घडीवरच तो आधी का तुटतो, हे मी बघते. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केलं, तेव्हा इतिहासाशी माझा संबंध दहावीनंतर संपला होता असंच मी धरून चालले होते. मग नमुने गोळा करायची वेळ आली. मला हलका, वर्तमानपत्री जातीचा, लोकांच्या घरात साध्या हवेत पडून राहिलेला कागद हवा होता आणि तो नक्की कधीचा आहे हेही माहीत असायला हवं होतं. पुस्तकं फाडता येत नाहीत. वर्तमानपत्रांच्या फाइली ग्रंथालयं देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

माझी मावशी म्हणाली, "अगं, माझ्याकडे नाटकाची पत्रकं आहेत. कॉलेजची. घेऊन जा, नाहीतरी मी गेल्यावर रद्दीतच जाणारेत."

बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा निघाला. त्यात एकांकिका स्पर्धांची वेळापत्रकं, स्नेहसंमेलनाच्या दोन-तीन कार्यक्रमपत्रिका, एक अर्धवट स्मरणिका आणि फिकट गुलाबी कागदावरचं एक हस्तपत्रक होतं. 'शांतता! कोर्ट चालू आहे', रविवार दि. ९ फेब्रुवारी, सकाळी ९॥ वाजता, प्रवेशमूल्य १ रु. व ५० पै. कलाकारांची नावं होती, खाली छापखान्याचं नाव आणि 'पुणे ३०' होतं. साल नव्हतं. मावशी म्हणाली, सत्तर साली.

हा लेख त्या एका पत्रकाबद्दल आहे. संशोधनाची तयारी करणाऱ्यांना 'प्राथमिक साधन' हा शब्द पहिल्या आठवड्यात भेटतो आणि बहुतेकांना त्याचा अर्थ 'जुनं, म्हणून खरं' असा वाटतो. मलाही तसंच वाटायचं.

साल नसण्यापासून सुरुवात करू. हस्तपत्रकावर साल नसणं ही चूक नाही, ती त्याची जातच आहे. येत्या रविवारी नाटक आहे हे सांगायला सालाची गरज काय? ते ज्या दिवसासाठी छापलं, त्या दिवशी दुपारी त्याचं काम संपतं. पण मग छापखान्याचं नाव मात्र सगळीकडे कसं, अगदी तळहाताएवढ्या चिठोऱ्यावरसुद्धा? याचं उत्तर १८६७ च्या छापखाना व पुस्तक नोंदणी कायद्यात आहे. त्याच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर किंवा कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण असणं सक्तीचं होतं, प्रसिद्ध करायचं असेल तर प्रकाशकाचंही. सरकारला हे कळायला हवं होतं की उद्या तक्रार आली तर पकडायचं कुणाला. पुढे १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने नाटकावरही लगाम आला, आणि कृ. प्र. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० मध्ये बंदी आली, हे आपण शाळेतही वाचलेलं असतं. तर गंमत अशी की सरकारला पकडायला माणूस हवा होता, तारीख नव्हे. म्हणून दीडशे वर्षांच्या पत्रकांवर आपल्याला मुद्रक हमखास सापडतो आणि साल नशिबाने. २०२३ च्या नव्या कायद्याने १८६७ चा कायदा गेला, आणि नवा कायदा नियतकालिकांचा आहे. म्हणजे आज कॉलेजच्या नाटकाचं पत्रक छापलं तर ते कुठे छापलं हेही पुढच्या माणसाला कळेलच असं नाही.

आता साल काढायचं. माझ्यातली शास्त्राची विद्यार्थिनी इथे फार खूश झाली, कारण वार आणि तारीख दोन्ही दिलेली होती. ९ फेब्रुवारीला रविवार कधी येतो? १९५८, १९६४, १९६९, १९७५, १९८६, १९९२, १९९७. मधली अंतरं ६, ५, ६, ११, मग परत ६ आणि ५. दर २८ वर्षांनी हा क्रम फिरून येतो (१९०१ ते २०९९ एवढ्यापुरतं हे चालतं, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं आणि २१०० ही नसेल). यादीत १९७० नाही. १९७० मध्ये ९ फेब्रुवारीला सोमवार होता. म्हणजे पहिल्या पाच मिनिटांतच मावशीची आठवण आणि कागद यांचं जमेना.

इथे एक सावधगिरी. छापखान्यात वार चुकू शकतो. जुळाऱ्याने मागच्या कामाचा 'रविवार' तसाच ठेवला असं होतं. म्हणून वार-तारखेवरून आलेलं साल हे उत्तर समजू नये, ती संशयितांची यादी समजावी.

मग मी एकेक खूण धरून यादी कमी करत गेले. पैशांपासून सुरुवात केली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली आणि जुन्या पैशांशी घोटाळा नको म्हणून त्यांना 'नये पैसे' म्हणायचं ठरलं. १ जून १९६४ पासून 'नये' गळालं. पत्रकावर 'न. पै.' नसून 'पै.' आहे. फेब्रुवारी १९६४ मध्ये 'न. पै.' अपेक्षित होतं. मग शुद्धलेखन पाहिलं. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे नियम मान्य झाले आणि 'त्यांचें', 'नाटकें' यांवरचे न उच्चारले जाणारे अनुस्वार जायला लागले. या पत्रकावर एकही तसा अनुस्वार नाही. अर्थात नियम झाला म्हणून दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठांमधले जुळारी बदलले नाहीत, वयस्क जुळाऱ्यांच्या हातून जुने अनुस्वार पुढेही बरीच वर्षं पडत राहिले. पण १९५८ वर फुली मारायला हरकत नव्हती. पत्ता 'पुणे ३०' असा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, त्यानंतर तोच भाग ४११ ०३० झाला.

हे सगळं मी वहीत सुबक तक्ता करून मांडलं आणि माझ्या गाइडना दाखवलं. त्यांनी तक्ता पाहिला, पत्रक पाहिलं आणि विचारलं, "नाटक कधीचं आहे?"

विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे'चा पहिला प्रयोग 'रंगायन'ने केला, डिसेंबर १९६७ मध्ये. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचं, लीला बेणारे सुलभा देशपांडे यांची. म्हणजे १९५८ आणि १९६४ ही सालं नाटकाच्या नावानेच बाद होती, आणि मी दोन दिवस पैसे आणि अनुस्वार मोजत बसले होते. ठळक टायपातली गोष्ट सोडून आपण बारीक टायपाच्या मागे लागतो, हे शास्त्राच्या विद्यार्थ्यांचं खास होतं असं मला वाटतं. उपकरण हातात आलं की आधी उपकरण लावायचं, मग डोळे.

पण त्यातून एक गोष्ट नीट कळली. खुणा दोन प्रकारच्या असतात. पत्रकावर जे आहे, ते खालची मर्यादा देतं: १९६७ चं नाटक १९६४ मध्ये होणार नाही, हे पक्कं. जे नाही, ते फार कमी सांगतं. पिनकोड नाही म्हणजे पत्रक १९७२ च्या आधीचं, असं म्हणायचा मोह होतो; पण पिनकोड आल्यावरही लोक वर्षानुवर्षं 'पुणे ३०' लिहीत राहिले. छापखान्याने आपल्या नावापत्त्याची ओळ एकदा जुळवून बांधून ठेवलेली असते, तीच प्रत्येक कामाखाली लावतात, ती बदलायला कोण बसतंय? प्रयोगशाळेत आपण हेच वेगळ्या शब्दांत म्हणतो: सिग्नल आला नाही याचा अर्थ पदार्थ नाही असा होत नाही, उपकरणाची मर्यादा त्याच्यावर असू शकते. माझा स्वतःचा विषयही इथे उपयोगाला आला नाही. कागद कमी दर्जाचा, लाकडाच्या लगद्याचा, तुरटीच्या कुळातलं रसायन आणि राळ लावलेला, म्हणून आम्ल. पण पत्र्याच्या डब्यात राहिला की गच्चीवर, यावर त्याचं पिवळेपण इतकं अवलंबून असतं की त्यावरून १९६९ आणि १९७५ वेगळे करणं अशक्य. मला साल हवं होतं ते कागद तपासायला, आणि कागदावरून साल काढायला निघाले तर ते वर्तुळात फिरणं झालं असतं.

शेवटी कॉलेजच्या ग्रंथालयात गेले. जवळजवळ प्रत्येक जुन्या कॉलेजचा वार्षिकांक असतो आणि तो कुणी वाचत नाही. १९६८-६९ च्या अंकात, कविता आणि क्रीडावृत्तान्त यांच्या मध्ये, नाट्यमंडळाचा अहवाल मिळाला. फेब्रुवारीत 'शांतता!'चा प्रयोग झाला, मदतनिधीसाठी, सकाळी. पत्रक १९६९ चं ठरलं. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "असेल. मी बी.ए. झाले सत्तर साली, म्हणून तेच डोक्यात बसलं." माणसं साल असंच लक्षात ठेवतात, मोठ्या घटनेला टांगून. मुलाखती घेताना 'साल कोणतं' असं विचारूच नये. 'तेव्हा तू कोणत्या वर्गात होतीस, परीक्षा झाली होती का, थंडी होती का' असं विचारावं.

इथवर हे सगळं कोडं सोडवण्यासारखं मजेचं होतं. खरी अडचण पुढे आली.

पत्रकावर दिग्दर्शक म्हणून एका प्राध्यापकांचं नाव आहे. ठळक, सोळा पॉइंटात. मावशीचं नाव सगळ्यात खाली 'साहाय्य' या शब्दापुढे, चार नावांत तिसरं, 'कु.' लावून. मी सहज म्हटलं, "तू बॅकस्टेजला होतीस का?" ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "नाटक मी बसवलं होतं."

तिचं म्हणणं असं. सर तालमीला दोनदा आले. संहिता तिने आणली, पात्रं तिने निवडली, सहा आठवडे संध्याकाळी तिने तालमी घेतल्या. एका अविवाहित शिक्षिकेची भर कोर्टात चिरफाड करणारं ते नाटक, पहिला प्रयोग होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालेलं, आणि करणार कोण तर कॉलेजच्या मुली आणि मुलगे एकत्र. घरून परवानगी मिळणं, प्राचार्यांनी सही करणं, हे सगळं 'सर बसवताहेत' या दोन शब्दांवर अवलंबून होतं. मी विचारलं, मग पत्रकावर सरांचं नाव कुणी घातलं?

"मीच. पत्रक मीच केलं ना."

हे ऐकल्यावर मला ते पत्रक पहिल्यापासून पुन्हा वाचावं लागलं. त्या काळी कॉलेजच्या नाटकाचं प्रसिद्धीचं काम म्हणजे काय होतं, हे तिने मला जे सांगितलं ते कुठल्या पुस्तकात मला मिळालं नसतं. मजकूर फुलस्केपवर हाताने लिहायचा. सायकलवरून नारायण पेठेतल्या छापखान्यात न्यायचा. जुळारी विचारायचा, मोठा टाइप कुठे, रेघ कुठे, चौकट पाहिजे का. खिळे प्रत्येक छापखान्यात मोजकेच, त्यामुळे 'मोठ्या टायपात जोडाक्षर नाही, दुसरा शब्द द्या' असंही व्हायचं. प्रूफ हातात यायचं ते ओलसर कागदावर, तिथेच उभ्याने तपासायचं. चित्र हवं तर जस्ताचा ब्लॉक करावा लागे, त्याचे पैसे वेगळे आणि ते नसायचेच, म्हणून विद्यार्थ्यांच्या पत्रकांवर चित्रं फार क्वचित दिसतात. रंगीत छपाईपेक्षा रंगीत कागद स्वस्त. गुलाबी, पिवळी, हिरवी पत्रकं दिसतात ती त्यामुळे. नाटकाच्या नावाचं अक्षर वेगळं हवं असेल तर कुणीतरी चित्रकलेतला मुलगा शाई आणि बोरूने लिहायचा. कमल शेडग्यांनी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं नाव हेच चित्र करून टाकलं होतं. 'रायगडाला जेव्हा जाग येते'चं अक्षर ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको. कॉलेजच्या फळ्याफळ्यांवर त्याच्या खडूतल्या नकला निघत. स्मरणिका काढायची तर दुकानादुकानांत जाऊन जाहिराती मागायच्या. नाव नको असलेला दुकानदार पैसे देऊन 'एका हितचिंतकाकडून' असं छापायला सांगे. डब्यातल्या अर्धवट स्मरणिकेत असे तीन हितचिंतक आहेत. तिघेही कोण ते मावशीला आजही माहीत आहे, पण सांगत नाही.

तर नावं. चार नावं 'साहाय्य'मध्ये आहेत ती चारच का, हे मी विचारलं. मुळात सात होती. ओळीत सात मावेनात, दुसरी ओळ घेतली तर छापखान्याची ओळ कागदाबाहेर जात होती आणि ती तर काढता येत नाही, कायदा! म्हणून तीन नावं गेली. कोणती काढायची ते तिने छापखान्यात उभ्याउभ्या ठरवलं. त्यातला एक मुलगा, प्रकाशयोजना करणारा, पुढे तिच्याशी कधी बोलला नाही. पंचावन्न वर्षं झाली, हे सांगताना तिचा आवाज खाली गेला. दिग्दर्शनाचं श्रेय गेलं त्याबद्दल बोलताना गेला नव्हता.

मी स्वतः कॉलेजमध्ये असताना दोन वर्षं एकांकिकेचं प्रसिद्धीचं काम केलंय, त्यामुळे हे मला कुठे लागलं ते सांगायला नकोच. आमच्या पत्रिकेत नेपथ्य उचलणाऱ्या एका मुलाचं नाव राहिलं. जागा नव्हती वगैरे काही नाही. मी यादी मोबाइलवरून उतरवताना एक ओळ वगळली. त्याने काही म्हटलं नाही. मीही विषय काढला नाही.

विद्यार्थी रंगभूमीचा इतिहास लिहायचा म्हटलं की आपल्यासमोर मोठी नावं येतात, आणि ती यायलाच हवीत. एल्फिन्स्टन कॉलेजच्या पारशी विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्रजी नाटकं केली. पुण्यात १८९४ मध्ये 'स्टुडंट्स सोशल क्लब' निघाला, त्याचंच पुढे भरत नाट्य संशोधन मंदिर झालं. १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था पुरुषोत्तम करंडक घेते, आणि तो त्याच भरत नाट्य मंदिरात रंगतो. बी. जे. मेडिकलमधून जब्बार पटेल आणि मोहन आगाशे आले. सतीश आळेकर जीवरसायनशास्त्राचे एम.एस्सी. (हे वाचून मला किती बरं वाटलं होतं). पण ही साखळी ज्या कागदांवरून जोडायची, ते सगळे कुणीतरी विशीतल्या मुलामुलींनी, परीक्षा तोंडावर असताना, पैसे कमी असताना, परवानगी मिळावी म्हणून, भांडण टळावं म्हणून लिहिलेले आहेत. पत्रक घडलेल्या गोष्टीची नोंद नसते. ते गोष्ट घडावी म्हणून, घडण्याच्या आधी लिहिलेलं असतं. ९ फेब्रुवारीला नाटक झालं का, हेही पत्रक सांगत नाही. फक्त होणार होतं एवढंच सांगतं. ते झालं हे मला वार्षिकांकाने सांगितलं.

मग दिग्दर्शक कोण? वार्षिकांकाच्या अहवालात दिग्दर्शकाचं नावच नाही. 'विद्यार्थिनींच्या पुढाकाराने' एवढे दोन शब्द आहेत. हे मावशीच्या बाजूने जातं, पण ती एकटी विद्यार्थिनी नव्हती. छायाचित्रात ती नाही. दिग्दर्शक छायाचित्रात नसतोच बहुधा, पण साहाय्यकही नसतात. तिची आठवण सालाबाबत चुकली होती, म्हणून इथेही चुकली असेल का? मला तसं वाटत नाही. साल विसरणं आणि सहा आठवड्यांच्या तालमी विसरणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण ती माझी मावशी आहे, आणि मला तसं वाटावं अशी माझी इच्छा आहे, हेही मला वहीत लिहून ठेवावं लागलं. सर हयात नाहीत. त्यांची बाजू कुणी सांगणार नाही. कदाचित त्या दोन तालमींत त्यांनी असं काही सांगितलं असेल की नाटक उभं राहिलं. कदाचित प्राचार्यांसमोर त्यांनी जो शब्द टाकला तोच त्या वर्षीचा खरा धोका होता.

मी नमुन्याच्या पाकिटावर असं लिहिलं: 'दिग्दर्शन: पत्रकाप्रमाणे प्राध्यापक, पत्रक लिहिणारीच्या सांगण्याप्रमाणे ती स्वतः, वार्षिकांक मोघम.' गाइड म्हणाले, हे लांब आहे, रसायनाच्या प्रबंधात याची गरज नाही. बरोबर आहे. प्रबंधात त्याचा नमुना क्रमांक, साल आणि पृष्ठाची आम्लता एवढंच जाईल. पाकिटावर मात्र ते लांबच राहिलं.

दुसरी एक अडचण तुम्हालाही येईल म्हणून सांगते, विशेषतः ज्यांना नावांच्या याद्या करून संगणकावर टाकायच्या आहेत त्यांना. जुन्या पत्रकांवरच्या मुली 'कु.' असतात. दोन-तीन वर्षांत त्या 'सौ.' होतात, आडनाव बदलतं, पुष्कळदा पहिलं नावही बदलायचं. एक जुनी स्पर्धेची यादी आणि एक नंतरच्या हौशी संस्थेची पत्रिका घेतली तर मुलग्यांची नावं सरळ जुळतात आणि मुली जणू नाटक सोडून गेल्या असं दिसतं. मोजलं तर तसा आकडाही निघेल, आणि तो साफ चुकीचा असेल. मावशीच्या डब्यात तिची स्वतःची दोन नावं आहेत, दोन वेगळ्या बायकांसारखी. लग्नानंतर तिने काम केलेल्या हौशी नाटकाच्या पत्रिकेवरचं नाव पाहून मीच विचारलं होतं, ही कोण गं? नाव बदललेली माणसं जोडायला कागद पुरत नाही. लग्नपत्रिका लागते, नाहीतर मावशी.

आणि हे सगळं १९६९ च्या पत्रकाबद्दल मला करता आलं, कारण ते पत्रक आहे. आम्ही २०१६ मध्ये जे पत्रक केलं त्याची एकही धड प्रत माझ्याकडे नाही. डीटीपीवाल्याने युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये काम केलं होतं. ती फाइल आज उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि कंसांची जत्रा दिसते. ग्रुपवर फिरलेलं चित्र इतक्या वेळा इतक्या मोबाइलांतून गेलं की कलाकारांची नावं वाचता येत नाहीत. कापडी फलक कुणाच्या तरी गच्चीवर पाणी अडवायला गेला. आज कॉलेजची मुलं सहा सेकंदांचा टीझर करतात, सुंदर करतात, आणि तो चोवीस तासांनी नाहीसा होतो. तुमच्यापैकी कुणी सध्या हे काम करत असेल तर प्रसिद्धी हवी तशी करा, पण एक प्रत कागदावर काढा, पूर्ण नावं आणि पूर्ण साल घालून, आणि कॉलेजच्या ग्रंथपालांच्या हातात द्या. आम्लरहित कागद मिळाला तर उत्तम. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. ते काढता येत नाही आणि आतला कागद आतल्या आत खराब होत राहतो. मला दर महिन्याला एक तरी असा नमुना येतो आणि मी हात लावू शकत नाही.

गुलाबी पत्रकाचा एक कोपरा, दोन मिलिमीटरचा, मावशीच्या परवानगीने मी चाचणीसाठी घेतला. आधी स्कॅन केलं होतं. बाकीचं पत्रक तिला परत दिलं. तिने ते उलटसुलट पाहिलं आणि पेन मागितलं. मी म्हटलं, मूळ कागदावर नको, झेरॉक्सवर लिही. झेरॉक्सवर तिने वर कोपऱ्यात '१९६९' लिहिलं. स्वतःचं नाव लिहील असं मला वाटलं होतं, ते लिहिलं नाही. 'साहाय्य'च्या ओळीपुढे बाण काढून तिने तीन नावं लिहिली, प्रकाशयोजनेचं पहिलं.

बेणारे झालेली तिची मैत्रीण आता सांगलीला असते. फोनवर बोलणं झालं. तिच्याकडेही या पत्रकाची एक प्रत आहे म्हणे, पण तिला ती पिवळी असल्याचं आठवतंय. कागद जुना होऊन पिवळा झालाय की मुळात दुसरी छपाई होती, हे बघायला हवं. दुसरी छपाई असेल तर तिच्यावर कदाचित नावंही वेगळी असतील. पुढच्या शनिवारी जाते आहे.